दगडाचा पाव: दगडकाम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

दगडात काहीतरी घडवावंसं वाटतंय, पण घरात कुणी पाथरवट नाही, कॉलेजात शिल्पकला घेतलेली नाही आणि हाताशी फार तर भिंतीत खिळा ठोकायचा हातोडा आहे, अशांसाठी हा लेख आहे. माहिती शोधायला गेलात तर ढिगाने मिळेल, पण ती बहुतेक परदेशातली. तिथले दगड आणि तिथली हत्यारं आपल्या गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात नसतात. आणि आपल्याकडच्या कारागिराला विचारावं तर तो हसून म्हणतो, "ताई, हाताला सवय झाली की येतं." ते खरंच आहे, फक्त पहिल्या महिन्यात त्याचा काही उपयोग होत नाही.

माझा सल्ला असा: पहिला तुकडा अमूर्त आकाराचा करा आणि दुसरा रोजच्या वापरातल्या एखाद्या वस्तूचा, हुबेहूब. क्रम उलटा करू नका. अमूर्त म्हणजे वरच्या इयत्तेचं काम आणि वस्तू म्हणजे बालवाडी, असा अनेकांचा समज असतो. माझं मत बरोबर उलटं आहे. अमूर्त आकारात एखादा टवका नको तिथून उडाला तर आकार वळवून घेता येतो, आणि दगड कसा फुटतो, कुठे अडतो हे शिकायला मोकळीक मिळते. वस्तूत ही सवलत नाही. पाव पावासारखा दिसला नाही तर तो नुसता धोंडा. दोन्ही कामांत एक गोष्ट मात्र सारखी: मोठा आकार आधी, बारकावे सगळ्यांत शेवटी. नवशिक्यांची निम्मी कामं बिघडतात ती हे उलटं केल्यामुळे.

1. दगड कोणता घ्यायचा

खनिजांचा कठीणपणा मोजायला मोह्सची 1 ते 10 अशी मोजपट्टी आहे. शंखजिरं 1 वर, संगमरवरातलं कॅल्साइट 3 वर, ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार 6 वर आणि क्वार्ट्झ 7 वर. आपलं नख साधारण अडीचवर येतं. म्हणजे नखाने ओरखडा उठला तर तो दगड तुमच्या हाताला झेपणारा आहे.

सुरुवात सोपस्टोननेच करा. यात मुख्यतः शंखजिरं असतं, स्पर्श साबणासारखा बुळबुळीत लागतो, आणि तो कानशीने घासता येतो, करवतीने कापता येतो. हलका दगड समजून त्याला कमी लेखू नका. बेलूर-हळेबीडच्या होयसळ मंदिरांवर 12व्या शतकात जी सोनारकामासारखी नक्षी झाली, ती याच जातकुळीच्या मऊ दगडात.

दुसरा टप्पा संगमरवर. मकराण्याचा पांढरा मिळाला तर उत्तम, पण शिकायला कोणताही एकसारख्या बारीक दाण्याचा चालेल.

आपला काळा दगड, म्हणजे सह्याद्रीचा बेसाल्ट, पहिल्या वर्षी नको. अजिंठा-वेरूळ त्यातच कोरलंय, घरातलं जातं आणि पाटा-वरवंटाही त्यातलाच, म्हणून त्याचा मोह पडतो. शिवाय तो रस्त्याच्या कडेला पडलेला दिसतो. पण साध्या छिन्नीचं टोक त्यावर काही मिनिटांत बोथट होतं आणि मनगट दोन दिवस दुखतं. ग्रॅनाइटचंही तेच. जांभा कोकणात मुबलक आहे, कापायला सोपा आहे, पण त्याच्या अंगभर छिद्रं असतात, बारीक काम त्यात टिकत नाही. वालुकाश्म सोडाच. का, ते धुळीच्या भागात सांगते.

2. दगड आणायला जाताना

मार्बल-ग्रॅनाइटच्या यार्डात गेलात की तुम्हाला लाद्या दाखवतील. 18-20 मिलिमीटर जाडीची लादी आपल्या कामाची नाही. "ब्लॉकचा तुकडा आहे का, कडेचा, टाकाऊ?" असं विचारा. देवाच्या मूर्ती आणि समाधीचे दगड घडवणाऱ्यांकडेही असे तुकडे उरलेले असतात. सोपस्टोन यार्डात नसेल तर हस्तकलेच्या वस्तू करणाऱ्यांकडे चौकशी करा. आग्र्याकडे त्याचं मोठं काम चालतं, तिथे त्याला गोरारा म्हणतात.

आकार आवरा. एक घनफूट संगमरवर जवळजवळ 75 किलो भरतो. पहिला तुकडा 20 × 15 × 12 सेंटिमीटरच्या आसपास असू द्या. त्याचं वजन दहा किलोच्या जवळ जातं, म्हणजे एकट्याने उचलता येतं आणि छिन्नी मारताना पळतही नाही.

पैसे देण्याआधी या तीन गोष्टी बघा:

- हातोडीने हलकेच वाजवा. टणक दगडाचा खणखणीत आवाज आला तर अंगात तडा नाही. आवाज बद्द आला तर आत कुठेतरी फट आहे. (सोपस्टोन मुळातच जरा दबक्या आवाजाचा, त्यामुळे त्याची तुलना त्याच ढिगातल्या दुसऱ्या तुकड्याशी करा.) ही परीक्षा जुनी आहे. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत आवाजावरूनच शिळांचे पुरुष, स्त्री आणि नपुंसक असे भेद केलेत.
- दगड पाण्याने ओला करा आणि सुकताना बघत राहा. सगळा पृष्ठभाग वाळला तरी तड्याची रेघ काही वेळ ओली, काळसर दिसते. यार्डवाल्याला घाई असते, तुम्ही करू नका.
- पदर कोणत्या दिशेने आहेत ते बघा. अनेक दगड थरांचे असतात आणि थराच्या दिशेने झटकन सुटतात. पदर आडवे राहतील अशा बेताने आकार बसवा. उभ्या पदरात बारीक उंच भाग काढलात तर तो एक दिवस खपलीसारखा निघून येईल.

डोंगरावरून, नदीतून, किल्ल्यावरून दगड उचलून आणू नका. खाणकामाला परवाना लागतो आणि संरक्षित स्मारकांच्या आवारातल्या दगडाला हात लावणं हा गुन्हा आहे. शेताच्या बांधावर पडलेला कोरीव दगड 'कुणाचाच नाही' असं वाटतं, पण तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, असू शकतो. यार्डातून घ्या आणि पक्कं बिल घ्या. त्याचा उपयोग शेवटी आहे.

3. हत्यारं

मोठा संच विकत घेऊ नका. सोपस्टोनसाठी एवढं पुरतं:

- 500 ते 700 ग्रॅमचा हातोडा, छोट्या दांड्याचा
- टोकदार छिन्नी, दातेरी छिन्नी आणि एक चपटी छिन्नी, साधारण 15-20 मिलिमीटर पात्याची
- सुताराची खरबरीत दात्यांची कानस, एक अर्धगोल आणि एक गोल
- हॅकसॉ आणि त्याची दोन जास्तीची पाती (पाती तुटली की फेकू नका)
- हँड ड्रिल, 6 आणि 8 मिलिमीटरचे बिट
- वॉटर पेपर: 80, 120, 220, 400, 600 आणि 1000 नंबर
- कॅलिपर (जाडी-रुंदी मोजायचा चिमटा), फुटपट्टी, गुण्या, सुताराची जाड पेन्सिल
- शाडूची माती, एक-दोन किलो
- वाळूने अर्धवट भरलेली गोणी आणि एक जुना स्कूटरचा टायर
- जुना दातांचा ब्रश, स्पंज, बादली

दातेरी छिन्नी दुकानात सहसा नसते. जिथे पाथरवट किंवा मूर्तिकार काम करतात तिथे त्यांना छिन्न्या करून देणारा लोहार असतोच, त्याच्याकडून घडवून घ्या. धार बोथट झाली की ती पुन्हा लावूनही त्याच्याकडूनच घ्यायची, म्हणजे नंतर कामात ओळख उपयोगी पडते. लाकडाच्या पटाश्या दगडावर चालवू नका. दगड कापला जातो, पण पटाशी कायमची जाते.

अँगल ग्राइंडर पहिल्या दोन कामांना लागतच नाही. त्याने वेळ वाचतो हे खरं, पण आकार कळायच्या आत दगड संपतो. पुढे घेतलात तर त्याचं गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, काढून चालवू नका. बांधकामावरचे लोक काढून चालवतात, ते बघून शिकू नका.

4. धूळ: हा भाग गाळू नका

क्वार्ट्झची बारीक धूळ फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. वालुकाश्म आणि ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ भरपूर असतं, म्हणून ते नवशिक्याने घरात कोरड्याने घासू नयेत. राजस्थानात दगडखाणीत आणि कोरीवकामात आयुष्य काढलेल्या कामगारांना या रोगाने इतकं ग्रासलं, की तिथल्या सरकारला 2019 मध्ये त्यावर स्वतंत्र धोरण आणावं लागलं. सोपस्टोन आणि संगमरवर त्या मानाने बरे, पण निर्धोक नाहीत. काही सोपस्टोनमध्ये ॲस्बेस्टॉसच्या जातीचे तंतू असू शकतात.

तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. जी धूळ घातक असते ती डोळ्यांना दिसतच नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 मास्क ही कमीत कमी गोष्ट. नेहमी काम करणार असाल तर बदलता येणाऱ्या फिल्टरचा रबरी मास्क घ्या. डोळ्यांना बंद बाजूंचा गॉगल हवा, चष्मा चालत नाही. कानशीचं आणि पेपरचं काम ओल्याने करा. काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. कपडे गॅलरीत झटकले की ती धूळ पुन्हा घरातच येते, ते सरळ पाण्यात बुडवा.

आणि एक घरगुती धोका. दगडाचा गाळ बेसिनमध्ये ओतू नका. तो पाइपात खाली बसून घट्ट होतो. बादलीत रात्रभर राहू द्या, वरचं पाणी झाडांना घाला, खालचा गाळ वाळवून कचऱ्यात टाका.

सोसायटीत राहत असाल तर दुपारी एक ते चार हातोडा बंद. नियमात असो की नसो.

5. दगड मांडायचा कसा

टेबलाच्या गुळगुळीत फळीवर दगड ठेवून मारलात तर प्रत्येक घावाला तो सरकेल, आणि खालून धक्का परत येऊन नको तिथे फुटेल. टायर आडवा ठेवा, त्यावर वाळूची गोणी आणि गोणीत खळगा करून दगड बसवा. उंची अशी हवी की उभं राहून कोपर किंचित वाकलेलं असताना छिन्नी दगडाला टेकेल. जमिनीवर बसून काम करणारे कारागीर तासन्‌तास तसे बसतात, तुमचे गुडघे आणि कंबर ते ऐकणार नाहीत. खिडकीचा उजेड एका बाजूने येईल असं बघा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली आकारातले चढउतार दिसतच नाहीत.

6. पहिला तुकडा: अमूर्त आकार

अमूर्त म्हणजे वाट्टेल ते नव्हे. तीन नियम घालून घ्या: एक मोठी वक्र बाजू, एक सपाट बाजू आणि दोन्हींना जोडणारी एक स्पष्ट धार. बस. यापेक्षा जास्त काही पहिल्या दगडात घालू नका. आधुनिक शिल्पकार ब्रांकुसीने 1907-08 मध्ये 'द किस' हे शिल्प केलं तेव्हा दगडाचा ठोकळा जवळजवळ तसाच राहू दिला, दोन माणसं त्या ठोकळ्यातून बाहेर काढलीच नाहीत. त्याचं छायाचित्र नीट बघा. किती कमी कोरलंय ते बघा.

आधी शाडूत मुठीएवढा नमुना करा. तो हातात फिरवून सगळ्या बाजूंनी बघा. मग नमुन्याची समोरची बाह्यरेषा मोठी करून दगडाच्या पुढच्या आणि मागच्या अंगावर काढा, बाजूची बाह्यरेषा दोन्ही बाजूंवर. वरच्या अंगावर मध्यरेषा मारा. ही मध्यरेषा छिन्नीबरोबर सारखी उडून जाते. गेली की लगेच पुन्हा काढायची. हा कंटाळवाणा भाग टाळणाऱ्याचा आकार हमखास एका बाजूला झुकतो.

आता टोकदार छिन्नी. साधारण 45 अंशांच्या कोनात धरा आणि दगडाच्या आतल्या भागाकडे मारा. कडेकडून बाहेरच्या दिशेने मारलं की अख्खा कोपरा निघतो. जागच्या जागी एकच घाव जोरात घालण्यापेक्षा समांतर चर पाडत जा, मग चरांमधल्या वरंब्या आडव्याने उडवा. बाह्यरेषेच्या अर्धा सेंटिमीटर बाहेरच थांबा. समोरची बाह्यरेषा पूर्ण झाली की बाजूची. या टप्प्यावर दगड चार कोपऱ्यांचा, ओबडधोबड आणि अगदी कुरूप दिसतो. इथे बरेच जण काम सोडतात. सोडू नका, आता फक्त कोपरे उतरवायचे आहेत.

कोपरे दातेरी छिन्नीने उतरवा. तिच्या समांतर रेघा आकारावरून फिरताना दिसतात आणि कुठे खड्डा आहे, कुठे फुगवटा, ते बोलतात. नंतर कानस. कानस एकाच दिशेने, ढकलताना दाबून आणि मागे घेताना उचलून. डोळे मिटून तळहात फिरवा. डोळ्यांना न दिसलेली गाठ हाताला लागते.

आरपार भोक काढायचा मोह होईलच. ब्रिटिश शिल्पकार बार्बरा हेपवर्थने 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला अलाबास्टर नावाच्या मऊ दगडात असं आरपार भोक काढलं आणि तेव्हापासून अमूर्त शिल्प म्हटलं की लोकांना भोक आठवतं. काढा, पण दोन गोष्टी पाळा. एक, भोक आधी काढा, बाहेरची बाजू नंतर बारीक करा. उलट केलंत तर पातळ झालेली भिंत ड्रिलच्या कंपनाने तडकेल. दोन, दोन्ही बाजूंनी निम्मं-निम्मं ड्रिल करून मध्ये भेटा. एकाच बाजूने गेलात तर पलीकडे बाहेर पडताना बिट बशीएवढी खपली काढून नेतो. ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा. छोट्या भोकांची साखळी गोलाकार पाडून मधला भाग गोल कानशीने मोकळा करा.

7. दुसरा तुकडा: लादीपाव

वस्तू निवडताना दगडाचा स्वभाव लक्षात ठेवा. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून कपाचा कान, चष्म्याची काडी, चपलेचा अंगठा या गोष्टी पहिल्या वर्षी नकोत. साबणाची वडी, हापूस, उशी, पाव अशा भरीव, बसक्या वस्तू घ्या. दगडाचा रंगच वस्तूच्या कामी आला तर सोन्याहून पिवळं. तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये छिंग राजवटीतला एक जॅस्परचा तुकडा आहे, शिजवलेल्या डुकराच्या मांसाचा. त्यातले चरबीचे आणि मांसाचे थर म्हणजे त्या दगडाचेच नैसर्गिक पट्टे आहेत. कारागिराने त्यावर वरची त्वचा तेवढी रंगवून आणि टोचून खरी केली.

पाव मी एवढ्यासाठी सुचवते की सोपस्टोनमध्ये त्याचे दोन्ही रंग फुकट मिळतात. हा दगड घासून तेल लावला की गडद होतो, आणि ओरबाडला की पांढरट भुकटीचा रंग दाखवतो. पावाची वरची साल गडद आणि चकचकीत, बाजू फिकट आणि फाटलेली. रंगाचा ब्रश हातात धरायची गरज नाही. तपकिरी किंवा पिवळसर झाकेचा दगड शोधा.

बेकरीतून लादी आणा, त्यातले दोन पाव एकमेकांना चिकटलेलेच ठेवा. खाऊ नका. दगड 18 × 10 × 7 सेंटिमीटरचा पुरतो, साडेतीन किलोच्या आसपास. आकार खऱ्या पावाएवढाच ठेवा. दुप्पट केलात की तो पावाचा पुतळा होतो, आणि बघणाऱ्याचा हात पुढे येत नाही.

आता तो पाव नीट बघा, दहा मिनिटं. वरून तो गोल नाही, कोपरे मऊ झालेला चौकोन आहे. घुमटाचा सर्वांत उंच बिंदू बरोबर मध्ये नसतो. दोन पावांच्या मध्ये वरून खोबण दिसते, पण ती खालपर्यंत जात नाही, निम्म्यावर संपते आणि खाली दोघे एकजीव असतात. तळाची कड टेबलाला धारेने टेकत नाही, किंचित आत वळते, त्यामुळे खाली सावलीची बारीक रेघ पडते. या रेघेसाठी तळाला दोन-तीन मिलिमीटरची गोलाई द्या. हे केलं नाही तर पाव टेबलातून उगवल्यासारखा दिसतो. ही एक गोष्ट नवशिक्यांच्या जवळजवळ प्रत्येक वस्तूत राहून गेलेली असते.

काम पहिल्या तुकड्यासारखंच: बाह्यरेषा, ठोकळा, कोपरे. कॅलिपरने खऱ्या पावाची रुंदी, उंची, खोबणीची खोली मोजत राहा. खोबण हॅकसॉने आखून घ्या, मग अर्धगोल कानशीने दोन्ही बाजूंचे उतार तिच्यात सोडा. सर्वांत उंच बिंदूंवर पेन्सिलने फुली मारून ठेवा आणि शेवटपर्यंत त्या फुल्यांना हात लावू नका.

मऊपणा कसा दाखवायचा, हा खरा प्रश्न. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात ग्रीक पुराणातल्या हर्माफ्रोडिटसची झोपलेली प्राचीन मूर्ती आहे, तिच्या खालची गादी इटालियन शिल्पकार बर्निनीने 1620 च्या सुमारास संगमरवरात कोरली. लोक मूर्तीइतकेच गादीकडे बघतात. तिथे दिसतं ते असं, की जिथे दाब पडलाय तो खड्डा मऊपणा सांगत नाही. त्या खड्ड्याच्या शेजारी जे फुगून वर आलंय ते सांगतं. एका पावावर अंगठ्याने दाबल्याचा खळगा करायचा असेल तर खळग्याभोवती हलकी उंची आधीपासून राखून ठेवा. नंतर ती आणता येत नाही. आधी शाडूत अंगठा दाबून बघा, माती कुठे सरकते ते कळेल.

बाजूंचा फाटलेला पोत सगळं झाल्यावर. हॅकसॉचं तुटकं पातं घ्या आणि खालून वर, थोडं तिरकं, ओढत न्या. दाब बदलत राहा. मध्ये मध्ये टोकदार छिन्नीने, हातोडा न वापरता, नुसतं टोचा. पावाचे तंतू एका जागी दाट तर एका जागी विरळ असतात, म्हणून ओळीने सारखं टोचत गेलात तर पाव नाही, किसणी होईल. ब्रशने भुकटी झाडा, उजेडात तिरकं धरून बघा, पुन्हा थोडं. इथे थांबायचं कळणं कठीण. मी तरी शंका आली की थांबते.

वरची साल आणि फाटलेली बाजू जिथे मिळतात ती कड अगदी स्वच्छ ठेवा. साल थोडी पुढे आल्यासारखी, किंचित वळलेली. सगळा खरेपणा या एका कडेवर आहे.

8. पॉलिश

80 पासून सुरू करा, नंबर गाळू नका. 120 वरून थेट 400 वर उडी मारली की 120 चे ओरखडे तसेच राहतात, फक्त आता ते चकाकतात. प्रत्येक नंबरला दिशा बदला: एकदा आडवं, पुढच्या वेळी उभं. मागच्या नंबरच्या रेघा संपल्या की पुढे. ओला दगड नेहमी झाल्यासारखा दिसतो आणि फसवतो, म्हणून दर वेळी पूर्ण वाळवून बघा.

अमूर्त तुकडा 1000 पर्यंत न्या. पावाची फक्त साल 600 पर्यंत, त्याहून पुढे गेलात तर तो प्लास्टिकचा दिसतो. शेवटी हेअर ड्रायरने दगड कोमट करून मधमाशीचं मेण किंवा थोडं खनिज तेल लावा आणि फडक्याने जादाचं पुसा. पावाच्या बाजूंना तेलाचा थेंब लागू देऊ नका. लागला तर तो भाग पुन्हा पात्याने ओरबाडावा लागतो. गोडं तेल नको, काही दिवसांनी खवट वास येतो.

9. तुटलं तर

तुटलेला तुकडा हरवू नका, आधी तो शोधा. दोन्ही तोंडं ब्रशने झाडून, वाळवून अराल्डाइटने चिकटवा, बाजूने वाहून आलेलं लगेच पुसा. टवका मिळालाच नाही तर त्याच दगडाची भुकटी अराल्डाइटमध्ये कालवून भरा, मात्र भरलेली जागा तेल लावल्यावर वेगळी दिसते हे गृहीत धरा. अमूर्त तुकड्यात चिकटवत बसण्यापेक्षा आकारच त्या तुटीपर्यंत आत घेणं बरं.

10. संगमरवराकडे जाताना

दोन-तीन सोपस्टोन झाले की जा. तीन फरक लक्षात ठेवा. संगमरवरात छिन्नी काटकोनात मारली की वरून काही दिसत नाही, पण आतले स्फटिक चिरडतात आणि पॉलिश करताना तिथे पांढरा डाग उगवतो. तो कितीही घासलं तरी जात नाही, कारण तो खोल असतो. म्हणून शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये टोकदार छिन्नी बंद, फक्त दातेरी आणि कानस. दुसरं, आम्ल संगमरवराला खातं. लिंबू, व्हिनेगर, बाथरूम क्लीनर, काहीच चालत नाही. पॉलिशवाले ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात, ते विषारी आहे, हातमोज्यांशिवाय हात लावू नका. तिसरं, हळदीचा डाग. जेवून उठल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय कामाला बसू नका.

रीतसर शिकायचं असेल तर मुंबईचं सर जे. जे. (1857 पासूनचं), बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा आणि तमिळनाडूत मामल्लपुरमचं शिल्पकलेचं सरकारी महाविद्यालय ही ठिकाणं आहेत. मामल्लपुरमला पारंपरिक मूर्तिशास्त्र शिकवतात, बडोद्याला आधुनिक शिल्पाची परंपरा आहे, तेव्हा आपल्याला काय हवंय ते ठरवून अर्ज करा. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने सुट्टीच्या दिवशी गावातल्या एखाद्या मूर्तिकाराच्या शेडमध्ये नुसतं जाऊन बसावं. चहा घेऊन जा. आठवडाभर छिन्न्या उचलून द्यायला लागल्या तर द्या.

11. विकायचं, पाठवायचं असेल तर

ही कागदपत्रं जवळ ठेवा:

- दगडाच्या खरेदीचं बिल
- कामाचे टप्प्याटप्प्याचे फोटो, तारखेसकट
- मापं, वजन, दगडाचा प्रकार लिहिलेला कागद
- परदेशात पाठवायचं असेल आणि वस्तू जुनी वाटण्यासारखी असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र

शेवटच्या मुद्द्याचं कारण असं, की 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या शिल्पाला देशाबाहेर न्यायला बंदी आहे, आणि कस्टमच्या माणसाला दगडाचं वय नुसतं बघून सांगता येत नाही. पावाबद्दल कुणी शंका घेणार नाही. मातीत पुरून मुद्दाम जुनाट केलेल्या मुखवट्याबद्दल घेईल.

बांधताना दगडाला आधी मऊ सुती कापड, मग फोम, मग लाकडी पेटी, आणि पेटीत दगड हलता कामा नये. नुसतं बबल रॅप जड दगडाखाली चेपून जातं. पुठ्ठ्याच्या खोक्यात पाच किलोच्या वर काही पाठवू नका, तळ निसटतो. पेटीवर 'नाजूक वस्तू' लिहिलेलं कुणी वाचत नाही. वजन लिहा, मोठ्या अक्षरात, चारही बाजूंना.